नाइट

सिस्टर रोझिलीनं सांगितलं, वसईहून एक नाइट येणार.
उकंडा म्हणाला, नाइट तं मीच हाय ना,
सतरा वर्षापासून.
शिटी, काठी, बॅटरी, रात्री दहा ते सकाळी सहा.
मंग डे कोन करन?

मी चप्पल शिवत होतो. हसलो, दोरा सुटला.

दारव्ह्याच्या एसटीतून ते उतरले.
घोडा नाही, तलवार नाही.
इग्नेशियस तुस्कानो, गोदीतून रिटायर, सत्तरीचे,
हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत इस्त्रीचा काळा झगा
आणि झग्यावर हिरवा क्रूस, आठ टोकांचा.

ड्रेसिंगच्या खोलीपुढे सगळे बसले. ते सांगू लागले:
नऊएकशे वर्षांमागे, यरुशलेमच्या तटाबाहेर
एक दवाखाना होता, महारोग्यांचा.
ज्या सरदाराच्या अंगावर चट्टा उठे
तो घोडा सोडून तटाबाहेर येई.
आतले त्याला मेलेला धरत.
बाहेर तो पुन्हा सरदार होई.
तिथून हा झगा, तिथून हे व्रत:
आजारी तो धनी, आपण चाकर.

सुभद्रा वाघाडे म्हणाली,
आमालेबी तटाबाहेरच ठेवलं बाप्पा.
सरदार काई केलं नाई कोनं.

ते हसले नाहीत. त्यांनी घमेलं मागितलं.

एकेक पाय पाण्यात घेतला,
बोटांच्या मधे, भेगांच्या आत बघितलं.
काच. बाभळीचा काटा. शेकोटीचा डाग.
जिथे दुखत नाही
तिथे डोळ्यांनी दुखवून घ्यायचं,
आमच्या इथलं पहिलं शास्त्र हे.

मला पाय बघायची सवय. तोंडं मी मागाहून ओळखतो.
ते गुडघ्यांवर होते, बुटांचे तळ माझ्याकडे.
डाव्या तळात खिळा,
डोकं झिजून चकचकीत झालेलं.
तीन दिवस तरी झाले असतील.

साहेब, बूट काढा.
कशाला?
काढा.

मोजा काळा, म्हणून रक्त दिसलं नव्हतं.
बारा वर्षांची साखर आहे, म्हणाले.
मग काहीच म्हणाले नाहीत.

पाणी बदललं उकंडानं.
उजव्या हाताची अडीच बोटं, डाव्याची तीन,
एवढ्यात त्यानं टाच नीट धरली.
डोळे मिटा साहेब. मी पेन टेकवतो,
कळलं का तिथं बोट ठेवा.
सात जागी पेन टेकला.
तुस्कानोंचं बोट हवेतच राहिलं.

सिस्टरनं रजिस्टर उघडलं. नाव. वय. गाव.
धंदा?
नाइट, उकंडा म्हणाला. लिवा, माह्यासारकाच.

रात्री लाइट गेली.
कंदिलाशी बसून मी निळं रबर कापलं,
आठ नंबर, डावा जरा रुंद, खाली टायरचा तळ.
थंडी मरणाची. खुंटीवर झगा दिसेना.
दोनच्या सुमारास शिटी वाजली, डोकावलो तर
उकंडा तोच पांघरून फेरी मारत होता
आणि पायरीवर, बँडेजचा पाय स्टुलावर टाकून,
तुस्कानो जागे.
इकडून हा, तिकडून ते,
दोघं मिळून कुत्री हाकलत होते.

आता दर माघात वसईहून पार्सल येतं.
आत झिजलेला जोड
आणि पायाभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं माप.
चिठ्ठी नसते.
तळ बघितला की कळतं किती चालणं झालं,
कोणाच्या दारी ते नाही कळत.

यंदाच्या कागदावर
डाव्या पायाला चारच बोटं आहेत.
उकंडानं कागद उजेडात धरला, बराच वेळ.
मग माझ्या मांडीवर ठेवून
शिटी गळ्यात घालून गेला.

पाचव्या बोटाच्या जागी स्पंज भरावा लागतो,
घट्ट नाही, सैलही नाही,
नाहीतर चालताना पाय आत सरकतो.